छळ म्हणावं, की त्रास?

वाचकाचं पत्र:

‘मी निवृत्त गणित शिक्षक आहे, वय ६७. मुलगी ३४ वर्षांची, आपल्या संसारात आहे. सुट्टीत नातीला महिनाभर आमच्याकडे पाठव, तिचं गणित पक्कं करून देतो, असं मी तिला कळवलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: “माझा जो छळ झाला, तो तिचा व्हायला नको.”

मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. अभ्यासाच्या बाबतीत कडक होतो, हे कबूल. उत्तर चुकलं की बरोबर येईपर्यंत दारात उभं करायचो. पाहुण्यांसमोर मठ्ठ म्हणायचो, ते तिला लागावं आणि तिने जिद्दीनं अभ्यासाला बसावं म्हणूनच. दहावीच्या सहामाहीत गणितात गुण कमी पडले तेव्हा १८ दिवस तिच्याशी बोललो नाही. ती रडायची, पण रडते म्हणजे परिणाम होतोय, असं मी समजायचो. दरारा असा होता की मी घरात पाऊल टाकलं की ती पुस्तक उघडून बसायची. आज ती मोठ्या हुद्द्यावर आहे.

“त्रास दिला” म्हणाली असती तर मी समजून घेतलं असतं. पण छळ? छळ शत्रू करतो. संस्कृतात तर छल म्हणजे कपट, आणि कपट मी आयुष्यात केलेलं नाही. पत्नीला विचारलं, ती काही न बोलता उठून आत गेली. तुम्ही शब्दांवर लिहिता म्हणून विचारतो: हा शब्द इथे चुकीचा आहे, असं तुम्ही लिहून द्याल का? मला ते मुलीला पाठवायचं आहे.’

नमस्कार सर,

तसं लिहून देता येणार नाही, हे आधीच सांगते. पण तुम्ही प्रश्न शब्दाचा विचारला आहे आणि मनापासून विचारला आहे. तो बाजूला सारून मी थेट बापलेकीच्या नात्यावर बोलायला लागले तर ते तुम्हाला उत्तर होणार नाही. म्हणून आधी शब्द.

छल म्हणजे कपट, हे तुमचं बरोबर आहे. फल-फळ, बल-बळ, काल-काळ यांच्याच चालीनं छलचा छळ झाला. हिंदीनं तो शब्द जुन्या अर्थासकट ठेवला. तिथे आजही छल म्हणजे फसवणूक. मराठीत कपट मागे पडलं आणि सोसणं पुढे आलं. ‘त्यानं माझा छळ केला’ हे वाक्य ऐकून आज कोणताही मराठी माणूस ‘कशात फसवलं?’ असं विचारत नाही. ‘किती वर्षं?’ असं विचारतो. तेव्हा संस्कृत अर्थ पुढे करून आजच्या मराठी वाक्याला चूक ठरवता येत नाही.

आणि मूळ अर्थच प्रमाण मानायचा म्हटलं, तर तुम्हाला जो शब्द चालला असता तोच आधी अडचणीत येतो. त्रास. संस्कृतात त्रस् म्हणजे भिणं, थरथरणं, आणि त्रास म्हणजे भीती, धडकी. संत्रस्त या शब्दात ती धडकी अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र त्रास झिजत झिजत पोटाच्या त्रासापर्यंत आला, ‘तुम्हाला उगीच त्रास दिला’ या सौजन्याच्या वाक्यापर्यंत आला. एक शब्द कपटावरून यातनेपर्यंत चढला आणि दुसरा धडकीवरून गैरसोयीपर्यंत उतरला. तुम्हाला त्रास चालतो तो आज हलका झाला आहे म्हणून. जुन्या वजनाचा त्रास घेतलात, तर तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा: मी घरात पाऊल टाकलं की ती पुस्तक उघडून बसायची. तुम्ही त्याला दरारा म्हणता. संस्कृतात त्याच गोष्टीला, ती ज्या बाजूनं भोगली जाते त्या बाजूनं, त्रास म्हणतात.

आता ‘छळ शत्रू करतो’ याबद्दल. हे आपल्या कथांनाही मान्य नाही. विश्वामित्रानं हरिश्चंद्राचा छळ केला, असंच आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. राज्य गेलं, दक्षिणेचा तगादा लागला, बायको आणि मुलगा विकावे लागले, राजाला स्मशानात राबावं लागलं. हे सगळं करणारा विश्वामित्र ऋषी होता, आणि शेवटी आपल्याला सांगितलं जातं की ती सत्त्वपरीक्षा होती. हेतू उदात्त असल्याचं कथा मान्य करते. तरीही ती सांगताना आपण शब्द बदलला नाही. परीक्षाही म्हटलं आणि छळही म्हटलं, दोन्ही एकाच दमात. मराठी भाषेनं फार पूर्वीच हे ओळखलं होतं की भल्यासाठी केलेला छळही छळच असतो.

शब्द कसा वापरला जातो, ते थोडं बारकाईनं पाहू या, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

छळणे हे क्रियापद मोकळंढाकळं आहे. डास छळतात, उकाडा छळतो, आठवणी छळतात, दुखरा दात रात्रभर छळतो. लाडानंही म्हणतात, छळू नकोस रे. पण छळ हे नाम इतकं सैल नाही. ‘डासांनी माझा छळ केला’ असं कोणी म्हटलं तर आपण ते गमतीनंच घेतो. छळ करणे म्हटलं की समोर माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या हातात ते थांबवणं असायला लागतं. उकाड्याच्या हातात थांबणं नसतं.

दुसरं म्हणजे या नामात दिवस भरलेले असतात. ‘काल दुपारी त्यानं माझा अपमान केला’ हे वाक्य पुरं आहे. ‘काल दुपारी त्यानं माझा छळ केला’ म्हटलं की काहीतरी अर्धवट राहतं. आधीचं सांगा, पुढचं सांगा, असं ऐकणाऱ्याला वाटतं. अपमान, थप्पड, शिवी या एका क्षणात घडून जाणाऱ्या गोष्टी आहेत. छळ चालतो, सुरू असतो, मांडलेला असतो. नात्सींच्या बंदिवासासाठी मराठीनं छळछावणी हा शब्द घडवला, त्यातही नुसता मार नाही, तिथे राहावं लागणं आहे.

तिसरी गोष्ट याच राहावं लागण्यातून येते. बरोबरीची दोन माणसं एकमेकांना कितीही टाकून बोलली तरी आपण त्याला भांडण म्हणतो. छळ म्हणायला एकाचा हात वर आणि दुसरा निघून जाऊ न शकणारा, अशी रचना लागते. पंधरा वर्षांच्या मुलीला घर सोडून कुठे जाता येतं? वर्गात तुमचा राग आला तर विद्यार्थ्याला शाळा सुटल्यावर घर होतं. तिचं घर तेच होतं आणि शाळाही तीच.

मार लागतो का? नाही. हे एवढ्यासाठी ठासून सांगते की ‘हात उचलला नाही’ हे वाक्य असंख्य घरांत ढालीसारखं पुढे केलं जातं. मारासाठी मराठीत मार हा शब्द आहेच. मानसिक छळ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो छळाला हाताची गरज नसते म्हणून. अबोल्याचे १८ दिवस घ्या. मोठी माणसं आपसात अबोला धरतात तेव्हा दोघांनाही बाहेरचं जग असतं. मूल मात्र वडील बोलले नाहीत की स्वतःच्या असण्याबद्दलच शंका घेऊ लागतं. आणि तो आकडा तुम्हाला इतक्या वर्षांनी नेमका आठवतो आहे. अंदाजे दोनतीन आठवडे असं तुम्ही लिहिलं नाहीत, १८ लिहिलंत. म्हणजे ते दिवस तुम्हीही मोजत होता. तिनेही मोजले असणार.

तुमच्या बाजूनं एक मुद्दा भक्कम आहे, तो मी टाळणार नाही. मराठी कानाला छळ या शब्दात जाणूनबुजून केल्याची छटा ऐकू येते. नियम जाचक असतात, अटी जाचक असतात. जाच न ठरवताही होऊ शकतो. नाडी काचते तेव्हा तिला काही कळत नसतं. छळ करणाऱ्याला मात्र कळत असतं, असं आपण गृहीत धरतो. तुमचा हेतू तिचं वाईट करण्याचा नव्हता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. वाईट करण्याचा हेतू ही एक, आणि दुखतंय हे माहीत असणं ही दुसरी. छळाला पहिली असतेच असं नाही, दुसरी पुरते. आणि दुसरी तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहे. रडते म्हणजे परिणाम होतोय. पाहुण्यांसमोर मठ्ठ म्हणायचो, ते तिला लागावं म्हणूनच. तिला दुखतंय हे दिसत होतं, तरी थांबला नाहीत. ते दुखणं कामाचं आहे असं तुम्हाला वाटत होतं. हे वाचून मी बराच वेळ थांबले. लपवायचं असतं तर ही वाक्यं तुम्ही लिहिली नसती, हेही मला दिसलं.

शिस्त, धाक, दरारा, वळण हे तुमचे शब्द. छळ हा तिचा. दोन्हींखाली घटना त्याच आहेत. धाक हा देणाऱ्याच्या जागेवरून दिसणारा शब्द आहे, छळ सोसणाऱ्याच्या. म्हणूनच ‘मी मुलांना धाकात ठेवतो’ असं माणसं सहज, थोड्या अभिमानानंही म्हणतात, पण ‘मी मुलांचा छळ करतो’ असं कोणी सहज म्हणत नाही. या शब्दाला प्रथम पुरुष फार क्वचित लाभतो. तो सोसणारा उच्चारतो, नाहीतर पाहणारा. तुमच्या जागेवरून तो शब्द अनोळखी वाटला यात आश्चर्य नाही. त्या जागेवरून तो आजवर तुम्हाला दिसलेलाच नव्हता.

हा शब्द वाटेल तिथे वापरला जातो, हेही खरं आहे, आणि मला ते खटकतं. रजेचा अर्ज वेळेत मागणारा वरिष्ठ छळ करत नसतो. रात्री दहानंतर मोबाइल काढून घेणारी आई छळ करत नसते. नकार, नियम, एखाद्या दिवशीचा राग यांना छळ म्हटलं की शब्द पातळ होतो आणि खरोखर सोसणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. तुमच्या पत्रात पहाटे उठवणं, खेळ बंद करणं, ओरडणं एवढंच असतं, तर मुलीचा शब्द जड झाला आहे असं मी लिहिलं असतं. पण दारात उभं करणं, चारचौघांत हिणवणं, बोलणं तोडणं, हे सगळं वर्षानुवर्षं आणि रडणं पाहत पाहत, याला मराठीत याहून नेमका शब्द मला सापडत नाही. गांजणं त्याच्या जवळ येतं, पण त्यात पिचून गेल्याची छटा आहे, आणि तुमची मुलगी पिचलेली दिसत नाही. जुलूम सत्तेचा असतो. अत्याचार म्हणजे मर्यादेपलीकडचं वर्तन, पण आजकाल वर्तमानपत्रांत तो लैंगिक गुन्ह्यासाठीच इतका वापरला जातो की इथे भलताच अर्थ होईल. तिने शब्द निवडून वापरला आहे.

छल या शब्दाची एक जुनी जागा तुम्हाला दाखवायची आहे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादविवादाच्या जुन्या ग्रंथात, सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत, त्यातला एक छल. तिथे त्याचा अर्थ असा: बोलणाऱ्याला जे म्हणायचं आहे ते सोडून त्याच्या शब्दाचा दुसराच अर्थ घ्यायचा आणि त्यावरून त्याचं म्हणणं पाडायचं. न्यायशास्त्रात त्याचं ठरलेलं उदाहरण नवकंबलाचं. एक जण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे. म्हणजे याच्याकडे नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! नव म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊ, एवढ्याचा आधार घेऊन तो वाद जिंकतो. याला वाक्छल म्हणतात.

सर, तुमच्या मुलीला छळ म्हणजे काय म्हणायचं होतं हे तुम्हाला कळलं आहे. कळलं नसतं तर तुम्ही इतके अस्वस्थ झाला नसता, कोश काढून बसला नसता. आता तिला ‘छल म्हणजे कपट, मी कपट केलं नाही, सबब तुझा शब्द चूक’ असं लिहून पाठवणं, आणि तेही माझ्या सहीनं, म्हणजे ती घोंगडी मोजणंच होईल. त्यात आणखी एक आहे. तिने आयुष्यातलं बहुधा सर्वांत अवघड वाक्य तुमच्यापुढे ठेवलं, आणि ते हाती येताच तुम्ही पुन्हा तिचं उत्तर तपासायला बसलात. पुन्हा ती दारात उभी, बरोबर उत्तर येईपर्यंत. तुमच्या मनात हे नाही, मला माहीत आहे. तिच्यापर्यंत मात्र हेच पोहोचेल.

आता तिचं वाक्य तिने लिहिलं तसं वाचू या. माझा जो छळ झाला, तो तिचा व्हायला नको.

छळ झाला. ‘तुम्ही माझा जो छळ केलात’ असं तिने लिहिलेलं नाही. मराठीत या दोन्ही वाटा सारख्याच सोप्या आहेत: अपमान केला, अपमान झाला, हाल केले, हाल झाले. केला म्हटलं की करणाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, झाला म्हटलं की ते टाळता येतं. तिने ते टाळलं. ठरवून की आपसूक, हे मी सांगू शकत नाही, पण वाक्यात कर्त्याची जागा रिकामी आहे एवढं खरं. ती जागा तुमची आहे हे तुम्ही वाचताक्षणी ओळखलंत. कोणी बोट दाखवावं लागलं नाही.

आणि वाक्याचा रोख पाहा. जुना हिशेब मागायला ती आलेली नव्हती. इतकी वर्षं तिने हा शब्द तुमच्यासमोर काढला नाही, निदान तुमच्या पत्रावरून तसंच वाटतं. नातीचं गणित पक्कं करून देतो, असं तुम्ही लिहिल्यावर तो निघाला. वाक्याचा मुख्य भाग दुसरा आहे: तो तिचा व्हायला नको. एक आई तिच्या लेकरापुढे आडवी उभी आहे, इतकंच ते वाक्य आहे. आठवीनववीत तिच्यापुढे असं कोणी उभं राहिलं नव्हतं.

तुम्ही मला लिहून मागितलंत, तर एक वाक्य लिहून देते. ते माझ्या नावानं नव्हे, तुमच्या हातानं, तुमच्या अक्षरात जायला हवं: ‘तू लिहिलंस ते वाचलं. तो छळ मी केला. दारात उभं करायचो ते, पाहुण्यांसमोर मठ्ठ म्हणायचो ते, न बोललेले ते १८ दिवस, सगळं मला आठवतं.’ तिने ‘झाला’ लिहून जी जागा मोकळी सोडली, ती भरणं फक्त तुम्हाला शक्य आहे.

त्याला काही जोडू नका. आज तू हुद्द्यावर आहेस ते कशामुळे, हे नको. माझे वडील तर मला पट्टीनं मारायचे, हे खरं असलं तरी या पत्रात नको. नातीच्या सुट्टीचा विषय मुळीच नको. तो आला की वरचं सगळं सुट्टीसाठी लिहिलं असं होईल. उत्तराची वाट पाहा, पण मागू नका. तिचं उत्तर महिन्यानं येईल, वर्षानं येईल, कदाचित येणारही नाही, आणि न येणं म्हणजे तिने अबोला धरला असं समजू नका. तिला वेळ घेण्याचा हक्क आहे.

छळ हा शब्द आज स्वतःच्या हातानं लिहिणं अशक्य वाटलं, तर तो सोडा आणि त्या तीन घटना नाव न देता जशा घडल्या तशा लिहा. तेही खरं होईल. फक्त त्या जागी त्रास लिहू नका. तिचा शब्द खोडून आपला हलका शब्द वर लिहिलेला तिला ताबडतोब दिसेल. तुमच्या हातची दुरुस्ती ती लहानपणापासून ओळखते.

पत्र टाकण्याआधी एकदा आतल्या खोलीत जा. तुम्ही विचारलंत तेव्हा तुमची पत्नी काही न बोलता उठून गेली, असं तुम्ही लिहिलं आहे. तिच्याकडेही त्या वर्षांसाठी एखादा शब्द असेल, असं मला वाटतं. तो विचारा. सांगितला तर ऐकून घ्या, आणि कोश कपाटातच राहू द्या.